आमदार होऊन पहिल्यांदा विधानसभेच्या सभागृहात जाताय तर

भैय्या, देवगिरी एक्स्प्रेसनं सकाळी मुंबईत उतरलात की आधी दिवसाची कामकाजपत्रिका वाचा, सत्कार मग. पहिला प्रश्नोत्तराचा तास. तारांकित प्रश्नाचं, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्याचं, छापील उत्तर हातात मिळतं, त्यात ‘अंशतः खरे आहे’ दिसलं की तिथंच बोट ठेवा. उपप्रश्न एकच, पण टोकदार. ‘जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी टेलच्या, शेवटच्या टोकाच्या गावाला कोणत्या तारखेला पोचणार?’ तारीख मागितली की मंत्री सचिवांच्या गॅलरीकडं बघतात, तिकडून चिठ्ठी येते. मराठवाड्यावरच्या अन्यायाचं भाषण तिथं करू नका, अध्यक्ष खाली बसवतात.

नियम १०५ची लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधायची तुमची सूचना, लागली असेल तर जागा सोडायची नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा मी कँटीनमध्ये वडा खात होतो. सहा महिन्यांची मेहनत गेली, गावाकडं तोंड दाखवायची चोरी.

विधेयकं संध्याकाळी उरकतात, बाकं ओस पडलेली असतात. गणपूर्तीला, म्हणजे कामकाज चालायला, २८८ पैकी किमान २९ जण लागतात. तेव्हा बसून राहा, बोलायला हमखास वेळ मिळतो. आणि मंत्र्यानं आश्वासन दिलं की त्या दिवसाच्या कार्यवाहीचा उतारा मागून घ्या, पुढं दिलेली आश्वासनं पाळली का ते बघणाऱ्या आश्वासन समितीकडं तोच कामी येतो.