फक्त घाट उतरतानाच वाजणारा बीप

प्रश्न : माझ्याकडे 2011 सालची डिझेल गाडी आहे. मुलगी रत्नागिरीला असते, त्यामुळे अधूनमधून तिकडे जाणं होतं. पावसाळा संपल्यापासून आंबा घाट उतरताना वळणावर मध्येच टीं-टीं असं वाजतं आणि लगेच थांबतं. मीटरकडे बघेपर्यंत दिवा विझलेला असतो. साखरपा मागे पडला की आवाज नाही, येताना चढावरही नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, एकही एरर निघाली नाही. मिस्त्री म्हणाले, "बझरची वायरच काढून टाकू." जावई म्हणतात, हा ऐंशीच्या वेगाचा बीप आहे. काय करू?
— एक निवृत्त शिक्षक, मलकापूर (ता. शाहूवाडी)

उत्तर : गुरुजी, वायर अजिबात काढू देऊ नका. आज गाडी सपाट जागी लावा, बॉनेट उघडा आणि ब्रेक ऑइलची डबी बघा. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

उतरताना वाजतो, चढताना नाही, सपाटीला नाही, हे तुम्ही नीट लिहिलंत म्हणून माझं काम सोपं झालं. गाड्यांच्या वायरिंगचं काम मी इतकी वर्षं करते आहे, पण गिऱ्हाईक नुसतं "कधीही वाजतो" म्हणालं की शोधायचं कुठून, हा प्रश्न पडतोच. मीटरमधला बझर बहुतेक एकच असतो आणि दार, हँडब्रेक, ऑइल, चालू राहिलेले हेडलाइट असे सगळे त्याच एका बझरवर बोलतात. म्हणून आवाजापेक्षा तो कधी आला, याला महत्त्व.

डबीत एक छोटा फ्लोट, म्हणजे ऑइलवर तरंगणारा तुकडा असतो. ऑइल खालच्या रेषेजवळ आलं असेल तर सपाटीवर तो जेमतेम वर राहतो. उतारावर नाक खाली, त्यात ब्रेक, त्यात वळण. ऑइल एका बाजूला जातं, फ्लोट क्षणभर खाली बसतो आणि बझर वाजतो. गाडी सरळ झाली की सगळं पूर्ववत. जुन्या गाड्यांमध्ये हा साधा स्विच बहुधा थेट मीटरला जोडलेला असतो. कॉम्प्युटरपर्यंत बातमीच जात नाही, मग स्कॅनरमध्ये एरर कुठून येणार? त्यातून दिवाही हँडब्रेकचाच, गोलातलं लाल उद्गारचिन्ह. तो दिसला तरी माणूस हँडब्रेकच तपासतो.

ऑइल कमी दिसलं तर वरून भरून मोकळे होऊ नका. ब्रेक पॅड झिजतात तसा त्यांना दाबणारा कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकतो आणि डबीतली पातळी उतरते. म्हणजे कदाचित पॅड संपत आले आहेत. ते नसेल तर गळती. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का, ते ड्रम उघडून बघायला सांगा. पुष्कळ गाड्यांत क्लचचं ऑइलही याच डबीतून जातं, तेव्हा क्लच पेडलच्या वरही हात फिरवून बघा. कारण सापडल्यावर झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल भरा. ते गाडीच्या रंगाला लागलं तर रंग निघून येतो. शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल तर या निमित्ताने पूर्ण बदलूनच घ्या. हे ऑइल हवेतली ओल धरतं आणि ओल धरलेलं ऑइल लांब उतारावर तापलं की ब्रेकचं पेडल मऊ पडतं. साधारण दोन वर्षांनी ते बदलावं.

डबी वरच्या रेषेपर्यंत भरलेली निघाली तरच पुढचा शोध. बीप खड्ड्यात आदळल्यावर येत असेल तर हँडब्रेकच्या दांड्याखालचा स्विच संशयित. दाराचा स्विच तपासायला रात्री केबिन लाइट 'डोअर'वर ठेवून निघा. बीपबरोबर तो लुकलुकला तर पावसाळ्यात तिथे गंज धरला आहे. आणि उतरताना शेजारी बसणाऱ्याला मीटरचा व्हिडिओ घ्यायला सांगा. डोळ्याला निसटलेला दिवा त्यात थांबवून बघता येतो.

जावयांचं म्हणणं नव्या गाड्यांना लागू आहे. ऐंशीच्या वर थांबून थांबून आणि एकशेवीसच्या वर सलग वाजणारा बीप 1 जुलै 2019 पासून बनलेल्या गाड्यांत सक्तीचा झाला. तुमची 2011 ची. शिवाय आंबा घाटाच्या वळणावर तुम्ही ऐंशीने उतरत नसणार.

दिवा सतत लागून राहिला किंवा ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागलं, तर घाटात उतरू नका. मलकापुरातच गाडी थांबवा आणि मुलीला फोन करा.

प्रश्न : जुनी सेकंडहँड गाडी घेतली. किल्ली घरात, गाडी बंद, तरी रात्री थोड्या थोड्या वेळाने 'टिक' असा बीप येतो.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : हा मीटरचा आवाज वाटत नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. तरीही वाजला, तर स्वतःची बॅटरी असलेलं काहीतरी आधीच्या मालकाने बाहेरून बसवलेलं आहे. बहुतेक वेळा तो बॉनेटखालचा सिक्युरिटी अलार्मचा सायरन निघतो. आतली छोटी बॅटरी म्हातारी झाली की तो असा कुरकुरतो. त्याच्या अंगावर बहुधा बारीक किल्लीचं छिद्र असतं. ती किल्ली आधीच्या मालकाकडे मागा, सायरन बंद करून मगच काढा.