ज्यूरीचा ‘कौल’ आणि कोर्टाचा ‘निकाल’

एका हौशी नाट्यसंस्थेसाठी अमेरिकन कोर्टनाट्य मराठीत आणणाऱ्या वाचकाची विचारणा आहे. ‘ज्यूरी’ला, म्हणजे आरोपी दोषी आहे की नाही हे सांगणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटाला, पंचमंडळ म्हणावे का? ज्यूरी सांगते तो आणि न्यायाधीश देतात तो, दोन्ही ‘निकाल’च का? आणि आरोपी सुरुवातीला ‘नॉट गिल्टी’ म्हणतो, शेवटी ज्यूरीही तेच म्हणते, तर दोन्ही ठिकाणी ‘निर्दोष’ चालेल का?

पंचमंडळ नको. पेशवाईतली पंचायत खरोखर निवाडा करायची. तो मान्य असेल असा राजीनामा दोन्ही पक्षांकडून आधीच लिहून घेत (आज त्या शब्दाने भलतीच नोकरी धरली आहे). एल्फिन्स्टनने १८१८ नंतरही दख्खनेत पंचायती काही काळ चालू ठेवल्या. पण आजच्या फौजदारी कोर्टात पंच म्हणजे पंचनाम्यावर सही करणारा माणूस. चाकू जप्त होताना हजर होता म्हणून त्याला साक्षीला बोलावतात, आणि बचावाचा वकील उलटतपासात विचारतो, ‘‘पोलिसांनी आधीच लिहून ठेवलेल्या कागदावर तुम्ही सही केलीत, हे खरे ना?’’ कोर्टाची पायरी चढलेल्या प्रेक्षकाने ‘पंचांनी आरोपीला सोडले’ हे वाक्य ऐकले तर तो गोंधळेल. क्रिकेटवाला तर हसेलच. ज्यूरी हा शब्द मुंबईच्या मराठी वर्तमानपत्रांनी टिळकांच्या खटल्यांपासून वापरला आहे, तो खुशाल ठेवा.

खरी मेख दुसऱ्या प्रश्नात आहे. आपल्याकडे ज्यूरी १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत उरलीच नाही, त्यामुळे खटल्याचा शेवट म्हणजे न्यायाधीशांचा निकाल एवढेच आपल्या कानांना ठाऊक. पण नौदल अधिकारी नानावटींवरचा खुनाचा खटला एकाच शब्दात सांगून पाहा. १९५९मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी कमांडर नानावटी दोषी नाहीत असे सांगितले. न्यायाधीश मेहतांना ते पुराव्याशी पूर्ण विसंगत वाटले. १८९८च्या संहितेतील कलम ३०७प्रमाणे त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने १९६०मध्ये नानावटींना खुनाबद्दल दोषी धरून जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. आता हेच ‘निकाल’ वापरून म्हणा: ज्यूरीने निकाल दिला, तो न पटल्याने न्यायाधीशांनी निकाल न देता निकालासाठी पुढे पाठवले. नटाची जीभ अडखळेल आणि प्रेक्षकाला काही कळणार नाही.

मी इथे ‘कौल’ घेईन. ‘जनतेचा कौल’ मुळे तो रोज कानावर पडतो, हा एक फायदा. दुसरा मोठा. कोकणात गुरव देवापुढे गाऱ्हाणे घालून मूर्तीला कळ्या लावतो आणि उजवी पडली की काम होणार असे समजतात. देव कारण सांगत नाही, कोणी विचारतही नाही. ज्यूरीचेही तसेच. ती खोलीतून बाहेर येते, एक-दोन शब्द सांगते आणि गप्प बसते. न्यायाधीशाला मात्र निकालपत्रात कोणता साक्षीदार का विश्वासार्ह वाटला, हे पानोपान लिहावे लागते. वरच्या कोर्टात अपील होते तेव्हा त्या कारणांचाच कीस पाडला जातो. कारणांशिवायचा तो कौल, कारणांसह तो निकाल, ही वाटणी नाटकभर पाळलीत तर बहुतेक अडचणी सुटतील. शिक्षा सहसा न्यायाधीश ठोठावतात, तेव्हा ‘ज्यूरीने जन्मठेप ठोठावली’ असेही कुठे राहू देऊ नका.

बंद खोलीत जे चालते त्याला ‘विचारविनिमय’ फार सभ्य होतो, सरकारी बैठकीसारखा. अमेरिकन ज्यूरीतली बारा माणसे घामाघूम होऊन एकमेकांवर खेकसत असतील तर तो ‘खल’. ‘ज्यूरीचा खल दोन दिवस चालला’ हे कानाला बरोबर लागते.

तिसऱ्या प्रश्नातले दोन ‘नॉट गिल्टी’ मराठीत दोन वेगळे संवाद आहेत. दोषारोप वाचून दाखवल्यावर आपले न्यायाधीश आरोपीला ‘‘गुन्हा कबूल आहे का?’’ असे विचारतात आणि आरोपी ‘‘कबूल नाही’’ म्हणतो. तो तिथे ‘‘मी निर्दोष आहे’’ म्हणाला तर वाक्य मराठी आहे, पण कोर्टातले नाही. शेवटी ज्यूरीच्या तोंडी ‘‘दोषी नाही’’ द्या. ज्यूरी आरोपीच्या सज्जनपणाचा दाखला देत नसते. सरकार पक्षाला गुन्हा वाजवी संशयापलीकडे शाबीत करता आला नाही, एवढेच ती सांगते. आपल्या बातम्यांतले ‘संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता’ हे वाक्य मला कायम गमतीचे वाटते. अर्ध्यात संशय आहे आणि अर्ध्यात तो नाहीसा झाला आहे.

हा भेद १९०८मध्ये टिळकांनी सर्वांत नेमका दाखवला. न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे नऊ जणांच्या ज्यूरीने, सात युरोपियन आणि दोन पारशी, ७ विरुद्ध २ असे त्यांना दोषी ठरवले. काही सांगायचे आहे का असे विचारल्यावर, ज्यूरीचे म्हणणे काहीही असले तरी आपण निर्दोषच आहोत, असे टिळक म्हणाले. मुंबई उच्च न्यायालयात ते शब्द फलकावर कोरलेले आहेत. दोषी ठरणे ज्यूरीच्या हातात, निर्दोष असणे नाही. म्हणून ‘निर्दोष’ हा शब्द आरोपीसाठी, त्याच्या आईसाठी, फार तर वकिलाच्या शेवटच्या भाषणासाठी राखून ठेवा. ‘दोषमुक्त’ही टाळा. बातम्यांमध्ये ‘दोषमुक्तीचा अर्ज’ म्हणजे खटला उभा राहण्याआधीच आरोपातून वगळावे यासाठीचा अर्ज.

किरकोळ शब्द. वकिलाने उठून ‘‘हरकत आहे’’ म्हणावे. न्यायाधीशांनी ती ‘मान्य’ करावी किंवा ‘फेटाळावी’. आपल्याच बाजूवर उलटलेला साक्षीदार ‘फितूर’. फोरमनला फोरमनच राहू द्या. ‘म्होरक्या’ केलात तर तो ज्यूरीच्या बाकावरून उठून थेट आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन बसेल. आणि एकमत न झालेली ‘हंग ज्यूरी’ कुणाच्या मसुद्यात ‘लटकलेली ज्यूरी’ झाली असेल तर तेवढे ताबडतोब खोडा, विशेषतः खटला फाशीच्या गुन्ह्याचा असेल तर. ‘ज्यूरीचे एकमत झाले नाही’ पुरे. २०२०पासून अमेरिकेत गंभीर गुन्ह्यांसाठी सर्व राज्यांत एकमताची अट आहे, मुंबईसारखे ८ विरुद्ध १ तिथे चालत नाही. तुमच्या नाटकात एकच माणूस अकरा जणांना का अडवू शकतो, हे आपल्या प्रेक्षकाला आपोआप कळणार नाही. पहिल्याच प्रवेशात न्यायाधीशांच्या तोंडी तसे एक वाक्य घाला.