वाचकांचे प्रश्न : मोती कुणाचा, हाव कुणाची?

प्रश्न : आमच्या वाचनकट्ट्याने जॉन स्टाइनबेकची ‘द पर्ल’ घेतली आहे. पण चर्चा ‘लोभ वाईट’ इथेच संपते. ती पुढे कशी न्यावी?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : लोभ कुणाचा, ते आधी ठरवायला लावा. १९४७ सालच्या या छोट्या कादंबरीत मेक्सिकोतला कीनो हा समुद्रातून मोती काढणारा गरीब माणूस विंचू चावलेल्या पोराला घेऊन डॉक्टरच्या दारात जातो. खिशात आठ वेडेवाकडे, बारके मोती. डॉक्टर घरात नाहीत, असं उत्तर मिळतं. मोठा मोती सापडल्याची बातमी फुटली, की तेच डॉक्टर झोपडीत हजर! आणि कीनोच्या इच्छा काय? चर्चमध्ये लग्न, नवे कपडे, मासेमारीचा भाला, रायफल, पोराची शाळा. याला हाव म्हणायचं तर आपण सगळेच हावरे.

सहाही प्रकरणं एका बैठकीत रेटू नका. चौथ्यातला मोतीविक्रीचा प्रसंग मोठ्याने वाचा आणि फळ्यावर भाव मांडा : पहिला व्यापारी १००० पेसो, मग आणखी तिघांना बोलावतात, त्यातल्या दोघांना मोती नकोच, तिसरा ५००, कीनो राजधानीला निघतो म्हणताच पहिला १५०० वर. कीनोच्या मनात ५०,०००. पहिला व्यापारी बोटांवर नाणं खेळवत असतो. मोती दिसताच बोटं चुकतात, नाणं मांडीवर पडतं. चेहरा मात्र ढिम्म. खरा भाव त्या नाण्याने सांगितला.

कट्ट्यावर कुणी कळमन्याच्या बाजारात माल नेणारा असेल तर ‘रिंग’ म्हणजे व्यापाऱ्यांनी आपसात ठरवून भाव पाडणं कसं चालतं, ते त्यालाच सांगू द्या. पण फरक लक्षात आणून द्या : रिंगमध्ये व्यापारी निदान वेगवेगळे असतात, इथे सगळे एकाच मालकाचे पगारी. भाव पाडून त्यांना दमडी जास्त मिळत नाही, तरी पाडण्यातच त्यांना मजा येते. पुस्तकातली सगळ्यात भयंकर हाव मला हीच वाटते.

एक चूक हमखास होते : कीनोला साधुपुरुष करून टाकतात. पाचव्या प्रकरणात मोती समुद्रात टाकायला निघालेल्या वाना या बायकोला तो लाथा-बुक्क्यांनी मारतो. पोराच्या शाळेसाठी हवा असलेला मोती इथवर कसा येतो, यावर अर्धा तास द्या. शेवटाला दहा मिनिटं पुरतात, फक्त एवढं विचारा : एरवी पुढे-मागे चालणारे हे दोघे गावी परतताना बरोबरीने का चालतात, आणि कीनो मोती पुढे करतो तेव्हा वाना तो स्वतः का टाकत नाही?