बालहक्क आयोगाकडे पहिली तक्रार पाठवताय?

ताई, पहिलाच अर्ज म्हणून बिचकू नका. एक गोष्ट मात्र आधी पक्की समजून घ्या: बालहक्क आयोग स्वतः मुलाला ताब्यात घेत नाही, गुन्हाही नोंदवत नाही. तो अहवाल मागवतो, चौकशी करतो, शिफारस करतो. म्हणून तक्रार अनेकदा पुढे जाते. निवारा किंवा देखभालीचा प्रश्न असेल तर बालकल्याण समितीकडे, गुन्हा असेल तर पोलिसांकडे, शाळेचं असेल तर शिक्षण खात्याकडे. ‘पुढे पाठवली’ म्हणजे फेटाळली असं समजून नवे लोक गप्प बसतात, आणि प्रकरण तिथेच थंडावतं. तसं करू नका. त्या पत्राची प्रत मागा, जावक क्रमांक टिपून ठेवा आणि आता त्या कार्यालयाच्या मागे लागा.

सुरुवातीच्या दोन चुका:

- राज्य आणि राष्ट्रीय आयोगाकडे एकदम अर्ज करणं. राज्य आयोगापुढे प्रलंबित असलेल्या प्रकरणाची राष्ट्रीय आयोग चौकशी करत नाही.
- मूल आत्ता धोक्यात असताना उत्तराची वाट पाहणं. आधी १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा. लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे.

आणि मुलाचं नाव, शाळा, फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. पोचपावती आली की सांगा, पुढचे बारकावे तेव्हा बघू.