गोळ्या थांबवल्या तर काही होईल का?

‘मॅडम, अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या थांबवल्या तर काही होईल का?’ मालवण-वेंगुर्ल्याकडची माणसं मला हे सारखं विचारतात. अँटिऑक्सिडंट म्हणजे पेशींचं नुकसान रोखणारे पदार्थ. घेत राहिलो तर काय होईल, हे सहसा कुणी विचारत नाही.

मालवणचे एक काका, ट्रॉलरवरचे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. वडील फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले तेव्हापासून झोप उडालेली. पिशवीतून त्यांनी अशा गोळ्यांच्या तीन बाटल्या काढल्या: व्हिटॅमिन ई, व्हिटॅमिन सी आणि बीटा कॅरोटिन (शरीर ज्याचं व्हिटॅमिन ए करतं तो घटक). मुंबईहून मुलगा पाठवायचा. शर्टाच्या खिशात विडीबंडल.

‘विडी सोडावीशी वाटते?’

‘आता गोळी घेतंय ना, म्हणान धीर आसा.’

इथे मला त्यांच्या मनातली गाठ सापडली. भीती गोळीने झाकली गेली होती आणि तिच्या आडोशाने विडी बिनघोर चालू होती. माझा अनुभव असा, की भीती दटावून जात नाही. तिच्यामागचा विचार माणसाने स्वतः तपासला की सैल होते. म्हणून मी उपदेश टाळला, फक्त माहिती ठेवली. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला. १९९४ साली निकाल आला: रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतला तसाच अभ्यास १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला.

काका बराच वेळ बाटलीचं झाकण फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे विडी आणि ही गोळी, दोनय एकाच बाजूक?’

मी ‘हो’ म्हटलं. त्यानंतर ते पहिल्यांदा वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलले, रडलेही. पुढच्या भेटींत गोळ्यांचा विषय उरलाच नाही; विडी कशी सोडायची, एवढंच बोललो. उत्तर माझ्या तोंडून न येता त्यांच्या तोंडून आलं, याचं मला फार समाधान आहे.

आता तुमचा प्रश्न. स्वतःच्या मनाने सुरू केलेली ही गोळी थांबवल्याने सहसा काही बिघडत नाही. डॉक्टरांनी दिली असेल, डोळ्यांच्या आजारासाठीही, तर त्यांना विचारूनच थांबवा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना व्हिटॅमिन ईचा मोठा डोस रक्तस्राव वाढवू शकतो. व्हिटॅमिन सी दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या वर गेलं की जुलाब लागू शकतात. मुतखडा झालेल्यांनी तर मोठ्या डोसपासून लांबच राहावं. केमो किंवा रेडिएशन चालू असेल तर आपली प्रत्येक बाटली डॉक्टरांना दाखवा. आवळा, जांभूळ, आंबा, पालेभाजी जेवणात खुशाल घ्या. हा धोका मोठ्या डोसच्या गोळ्यांचा आहे. आणि विडी-तंबाखू सोडायची असेल तर १८०० ११ २३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा.