बाबागाडी घ्यायच्या आधी जिना मोजा

गेल्या अंकात बाळाच्या झोपेबद्दल लिहिलं होतं, आणि त्यावर जी पत्रं आली त्यातली निम्मी निघाली गाडीबद्दल. प्रॅम (बाळाला आडवं झोपवून न्यायची) घेऊ का स्ट्रोलर (बसवून न्यायची), किती महिन्यांपासून बसवू, कुणाची जुनी घेतली तर चालेल का. म्हणून या वेळी फक्त बाबागाडीच. सगळी पत्रं छापता येत नाहीत, पण ज्यांचे प्रश्न सारखे आहेत त्यांना यातच उत्तर मिळेल.

ताई, आम्ही डोंबिवलीत राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाहीये. बाळ अडीच महिन्यांचं आहे. नणंदेने तिच्या मुलाची छत्रीसारखी मिटणारी स्ट्रोलर दिलीये, एकदम हलकी आणि चांगल्या कंडिशनमध्ये. सासूबाई म्हणतात एवढ्याशा बाळाला गाडीत घालू नको, मान लचकेल. नवरा म्हणतो काही होत नाही, सगळे घालतात. कुणाचं ऐकू?

आत्ता सासूबाईंचं ऐका. फक्त मानेपेक्षाही मला श्वासाची काळजी जास्त वाटते. छत्री स्ट्रोलरची सीट म्हणजे दोन दांड्यांमध्ये ताणलेलं कापड, त्याला मधोमध झोळ येतोच, आणि तान्ह्या बाळाचं डोकं बाकीच्या अंगाच्या मानाने केवढं मोठं आणि जड असतं ते तुम्ही रोज आंघोळ घालताना बघताच. त्या झोळात बाळ हळूहळू खाली घसरतं, पाठ कमानीसारखी वाकते आणि हनुवटी छातीला टेकते. या वयात श्वासनलिका इतकी बारीक आणि मऊ असते की नुसत्या त्या वाकण्याने ती दबू शकते. आणि बाळ रडत नाही हो अशा वेळी, आवाजच करत नाही, लांबून बघणाऱ्याला वाटतं किती छान झोपलंय.

म्हणून बाळ स्वतःची मान नीट धरेपर्यंत आणि थोड्या आधाराने बसायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिन्यांपर्यंत, गाडी पूर्ण सपाट होणारी पाहिजे, नाहीतर कॅरीकॉटवाली, म्हणजे वर टोपलीसारखा सपाट बिछाना असलेली पाहिजे. युरोपात गाड्यांसाठी ईएन 1888 नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात तान्ह्या बाळासाठी म्हणून विकायच्या गाडीत बसायची जागा आणि पाठ यांच्यात किमान 150 अंशांचा कोन लागतो, म्हणजे जवळजवळ आडवंच. तुमच्या नणंदेची गाडी पूर्ण मागे केल्यावर बाजूने बघा, ती आरामखुर्चीसारखी दिसत असेल तर अजून वेळ आहे.

आणि सहा महिने हे कॅलेंडर बघून ठरवू नका, बाळ बघून ठरवा. नाशिकहून एका आईने विचारलंय की त्यांचं बाळ 34 आठवड्यांत झालं. त्यांच्यासाठी सांगते, बाळ सहा आठवडे आधी आलंय तर ते दीड महिने वजा करूनच धरायचे, तारखेने सहा महिन्यांचं झालं तरी त्याची पाठ साडेचार महिन्यांच्या बाळाची आहे.

पण ही गाडी परत देऊ नका बरं का! लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यासाठी पुढे हीच सगळ्यात कामाची ठरणार आहे. छत्री स्ट्रोलर काढली ओवेन मॅक्लारेन नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने 1965 साली, विमानांच्या कामातला माणूस, स्पिटफायर लढाऊ विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेला, त्यामुळे हलकं ॲल्युमिनियम आणि घडी होणारे सांधे हे त्याच्या हातातलं काम होतं. त्याची पहिली गाडी जेमतेम 6 पौंडांची, म्हणजे पावणेतीन किलोची होती. याउलट कॅरीकॉटवाली मोठी प्रॅम सहज दहा-बारा किलो भरते, त्यात पाच किलोचं बाळ आणि खांद्याला बाळाची बॅग, आणि हे सगळं घेऊन तीन मजले, तेही सिझर झालं असेल तर अजिबातच नको. मधल्या तीन-चार महिन्यांसाठी चांगली कापडी कॅरियर घ्या, बाळ तुमच्या छातीशी उभं, घट्ट, चेहरा कायम दिसणारा, मान झुकवली की डोक्याची पापी घेता येईल इतकं वर, हनुवटी छातीपासून सुटलेली आणि पाय बेडकासारखे, गुडघे ढुंगणापेक्षा वर. जिना उतरताना एक हात कठड्याला मोकळा राहतो हे कॅरियरचं मोठं सुख आहे.

बाळ पाच महिन्यांचं आहे, पुण्यात कर्वेनगरला राहतो. ऑनलाइन सहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत गाड्या दिसतात, रिव्ह्यू वाचून डोकं फिरलंय. महाग म्हणजे सेफ असं असतं का? नक्की काय बघायचं?

महाग म्हणजे सेफ असं नसतं. पैसे बरेचदा कापड, रंग, कप होल्डर आणि नावाचे असतात. रिव्ह्यू बाजूला ठेवा आणि आधी टेप घेऊन घरातून खाली चालत जा. लिफ्टचं दार किती रुंद आहे, सोसायटीच्या गेटमधली छोटी वाट किती आहे, गाडीची डिकी किती आहे. बऱ्याच प्रॅम साठ सेंटिमीटरपर्यंत रुंद असतात आणि जुन्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये आडव्या-तिडव्या घालाव्या लागतात, मग दोन आठवड्यांत ती गाडी बाल्कनीत जाते आणि तिच्यावर लंगोट वाळत घातलेले दिसतात. जुळ्यांची बाजू-बाजूची गाडी घेणाऱ्यांनी तर हे मोजल्याशिवाय पैसेच भरू नयेत.

मग रस्ता बघा. जंगली महाराज रस्त्यासारखा रुंद सपाट फुटपाथ असेल तर कुठलीही गाडी लोण्यासारखी चालते, पण तुमच्या गल्लीत उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि दर पन्नास पावलांवर चेंबरचं झाकण असेल तर छोटी कडक प्लास्टिकची चाकं तिथे अडकतात, आणि अडकली की मागून ढकलणारा आणखी जोर लावतो. आपल्याकडे मोठी रबरी चाकं, थोडं सस्पेन्शन आणि पुढची फिरकी चाकं सरळ लॉक करायची सोय, यावर पैसे घाला. बाळाच्या अंगाला बसणारा प्रत्येक हादरा तिथेच अडतो.

शक्यतो एकदा तरी दुकानात जाऊन हात लावा. पाच-सहा किलो तांदळाची पिशवी बरोबर न्या, दुकानदाराला चालतं, विचारायला लाजू नका. ती सीटवर ठेवून गाडी एका हाताने वळवून बघा, कारण घरी दुसऱ्या हातात फोन किंवा किल्ली असणारच आहे. ब्रेक लावून मागून ढकला, थोड्या उतारावर ढकला, दोन्ही मागची चाकं एकाच वेळी लॉक झाली पाहिजेत आणि चपलेने सहज लागला पाहिजे. हँडल तुमच्या आणि नवऱ्याच्या दोघांच्याही कमरेच्या जरा वर यायला हवं, उंच माणूस वाकून ढकलायला लागला की पंधरा मिनिटांत पाठ धरते. मग घडी घाला, चार वेळा उघड-मीट करा, आणि लॉक बसल्याचा खट्ट आवाज येतोय का आणि दुसरं लॉक आहे का ते बघा. सांध्यांवर टोप्या किंवा कव्हर आहेत का तेही बघा, कारण 2009 साली अमेरिकेत एका नामांकित कंपनीच्या सुमारे 10 लाख स्ट्रोलर याच कारणासाठी रिकॉल झाल्या होत्या, गाडी उघडताना बिजागरीत लहान मुलांची बोटं सापडून शेंडे तुटले होते. गाडी उघडताना-मिटताना मूल दोन हात लांब, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगा, मोठ्या भावंडांनासुद्धा.

बेल्ट पाच ठिकाणी धरणारा पाहिजे, दोन खांदे, दोन कंबर आणि एक पायांमधला. तो पायांमधला पट्टाच बाळाला खाली घसरू देत नाही, त्यामुळे नुसता कमरेचा बेल्ट असलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. पट्टा आणि बाळाच्या मध्ये तुमची दोन बोटं जातील इतकाच ढिला ठेवायचा.

आणि हँडलला पिशव्या अडकवू नका. हे मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्या भाचीचं बाळ तेव्हा नऊ महिन्यांचं, रविवारी मंडईतून येताना हँडलला दोन्हीकडे बटाटे, कलिंगड, दुधाच्या पिशव्या असं सगळं लटकवलेलं, आणि सोसायटीच्या पायरीपाशी तिच्या नवऱ्याने पुढची चाकं वर घ्यायला हँडल जेमतेम दाबलं, तर अख्खी गाडी मागे उलटली. बटाटे पार्किंगभर, आणि बाळ बेल्टमध्ये अडकून पाठीवर, पाय आकाशाकडे, हेडरेस्टचं कापड जमिनीला टेकलेलं. घाबरून रडलं, बाकी ओरखडाही नाही, कारण पाचही पट्टे लावलेले होते. मंडईतून घर फक्त सहा मिनिटांवर आहे म्हणून ती त्या दिवशी बेल्ट न लावताच निघणार होती, हे तिने मला नंतर सांगितलं तेव्हा तिचे हात थरथरत होते. सामान गाडीच्या खालच्या बास्केटमध्ये, नाहीतर तुमच्या पाठीवर.

गाडीत बसणारी कार सीट आणि प्रॅम असा एकत्र सेट घ्यायचा का, हेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. कार असेल तर जरूर घ्या, 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मुलांना बेल्ट किंवा चाइल्ड सीट लागतेच, नाहीतर 1000 रुपये दंड आहे. फक्त ती कार सीट प्रॅमच्या सांगाड्यावर लावून बाळाला तासन् तास त्यातच झोपवू नका, पहिल्या उत्तरातलंच कारण, बाळ त्यात वाकलेलं असतं. पोचलात की बाहेर काढायचं आणि पाठीवर, सपाट, घट्ट गादीवर झोपवायचं.

नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. संध्याकाळी बाहेर नेताना प्रॅमवर पातळ ओढणी टाकते, डासही येत नाहीत. चालेल ना?

नाही, ऊन असताना तर नकोच. स्वीडनमधल्या एका वर्तमानपत्राने 2014 साली उन्हात प्रॅम ठेवून मोजून बघितलं होतं, उघड्या प्रॅममध्ये 22 अंश होते, वर पातळ कापड टाकल्यावर अर्ध्या तासात 34 आणि तासाभरात 37. ते स्वीडन होतं, तुमच्याकडे बाहेरच चाळीसच्या वर असतं! कापड पातळ असलं तरी हवा फिरायची थांबते, आणि वरून तुम्हाला बाळाचा लाल झालेला चेहराही दिसत नाही. गाडीचीच टोपी पुढे ओढा, क्लिपवाली छत्री लावा, डासांसाठी जाळीची मच्छरदाणी घ्या जिच्यातून आरपार दिसतं, आणि दर थोड्या वेळाने मानेच्या मागे हात लावून बघा. घामाने ओलं लागलं तर बाळ तापलंय. मे महिन्यात सरळ सूर्य मावळल्यावरच निघा.

रत्नागिरीला असतो. शेजाऱ्यांची चार वर्षं माळ्यावर पडलेली प्रॅम मिळतेय, घेऊ का?

कोकणातला माळा आणि चार पावसाळे, म्हणजे आधी वास घ्या. गादीच्या शिवणीत काळे ठिपके असतील तर ती बुरशी, धुऊन पूर्ण जात नाही, गादी टाकून नवी शिवून घ्या, पण पातळ आणि घट्ट, फुगीर नको. स्क्रू आणि स्प्रिंग गंजलेत का, ब्रेक धरतो का, बेल्टचं बक्कल खट्ट बसतं आणि मुलाला सहज उघडत नाही ना, कापडाच्या शिवणी ओढून बघा. यातलं ब्रेक, बक्कल किंवा घडीचं लॉक बिघडलेलं असेल तर फुकट मिळाली तरी नको, तारेने बांधून वगैरे चालवू नका. बाकी ठीक असेल तर आनंदाने घ्या, चांगली गाडी दोन-तीन बाळं सहज सांभाळते.

सातारा. आजोबांनी हौसेने बसायचा वॉकर आणलाय, बाळ आठ महिन्यांचं. वापरू का?

आजोबांच्या हौसेला नाही म्हणणं अवघड आहे, पण वापरू नका. कॅनडाने 2004 साली असे वॉकर विकायलाच बंदी घातली, कारण बाळ त्यात क्षणात जिन्यापर्यंत, शेगडीपर्यंत पोचतं, आणि चालायला लवकर शिकतं हेही खरं नाही, पायाच्या बोटांवर ढकलायची सवय लागते. आजोबांना सांगा, बदलून लाकडी पांगुळगाडा आणा. बाळ आपणहून धरून उभं राहायला लागलं की ते त्याच्या मागे उभं राहून ढकलेल, आणि आजोबांनी बरोबर चालायचं.

मी पुढच्या महिन्यात मेलबर्नला मुलीकडे नातवाला सांभाळायला जातेय, दुपारी त्याला प्रॅममधून मीच फिरवणार. कधी ढकलली नाहीये, भीती वाटते.

काकू, तिथल्या गाडीत दोन गोष्टी बघून ठेवा. ब्रेकची कळ लाल रंगाची असते, आणि हँडलला एक पट्टा असतो तो मनगटात घालायचा. दोन्ही तिथल्या नियमाने सक्तीच्या आहेत. 2009 साली मेलबर्नच्याच ॲशबर्टन स्टेशनवर एका आईचा हात क्षणभर सुटला आणि प्रॅम उताराने घरंगळत रुळांवर गेली, समोरून गाडी आली, बाळ वाचलं हे त्याचं नशीब. प्लॅटफॉर्म सपाट दिसला तरी बरेचदा थोडा उतार असतो. म्हणून थांबलात की लगेच ब्रेक, मग बाकी सगळं, आणि प्रॅमचं तोंड रुळांकडे न ठेवता रुळांना समांतर. सरकत्या जिन्यावर कधीच नाही, लिफ्ट शोधायची, नाही सापडली तर विचारायचं, तिथे लोक मदत करतात. पोचल्यावर पहिले दोन दिवस नातवाला घरीच ठेवा आणि गाडीत तांदळाची पिशवी बांधून मुलीबरोबर घराभोवती फेऱ्या मारा, फुटपाथवरून उतरणं, चढवणं, ब्रेक, बेल्ट. पायाला ब्रेक न बघता सापडायला लागला की मग तांदूळ काढून नातू बसवा.