तिसऱ्या क्वार्टरला दम का संपतो?

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की हॉकीच्या फिटनेसबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि मग जे मेसेज सुरू झाले ते थांबेचनात. सगळ्यांना उत्तरं देणं काही जमणार नाही, पाच प्रश्न निवडलेत, त्यातल्या पहिल्यावरच जास्त बोलणार आहे कारण निम्म्या पोरांचा प्रश्न फिरून फिरून तोच होता.

मी 16 वर्षांचा आहे, हाफला म्हणजे मधल्या फळीत खेळतो. दोन वर्षं रोज पहाटे रोडवर 8 किलोमीटर पळतोय, एक खाडा नाही. तरी तिसऱ्या क्वार्टरला पाय दगडासारखे होतात आणि समोरच्या टीमचा फॉरवर्ड माझ्या डोळ्यांदेखत निघून जातो. अजून किती वाढवू? (एक खेळाडू, पिंपरी)

वाढवू नकोस रे बाबा. आधी मला सांग, मॅचमध्ये तू सलग 8 किलोमीटर एकाच स्पीडने कधी पळतोस? हॉकीत काय होतं, वीस-तीस मीटर जीव खाऊन पळायचं, थांबायचं, वाकायचं, टॅकल करायचं, वळायचं, चार पावलं चालायचं आणि परत बॉल आला की परत तेच. हे एका क्वार्टरमध्ये 15 मिनिटं, असे चार क्वार्टर. तू शरीराला शिकवलंयस एका लयीत पळायला आणि परीक्षेत पेपर आलाय वेगळाच.

आता थोडं आतलं सांगतो, कंटाळू नकोस. त्या वीस-तीस मीटरच्या स्प्रिंटला स्नायू जी तयार एनर्जी वापरतात तिला क्रिएटिन फॉस्फेट म्हणतात, तिचा साठा फार छोटा असतो, काही सेकंदांत उतरतो. अर्ध्या मिनिटात साधारण निम्मा परत भरतो आणि जवळजवळ पूर्ण भरायला तीनेक मिनिटं लागतात. पण मॅचमध्ये तीन मिनिटं कोण देणार तुला? म्हणून हा साठा किती पटकन भरतो यावर सगळा खेळ आहे आणि तो भरतो ऑक्सिजनवर, म्हणजे हृदय-फुप्फुसं चांगली असतील तर लवकर. त्यामुळे तुझे ते 8 किलोमीटर अगदीच पाण्यात गेले असं मी म्हणणार नाही, पाया झालाय, पण दोन वर्षं नुसता पायाच बांधत बसलायस.

तर आता असं कर. रोजचं पळणं बंद, आठवड्यातून एकदाच अर्धा तास आरामात पळ, बोलता येईल एवढ्याच स्पीडने. एक दिवस 4 मिनिटं जोरात, इतकं की दोन शब्द बोलायला पण नको वाटेल, मग 3 मिनिटं हळू जॉगिंग, असं चार वेळा. मॅचपासून लांबच्या एखाद्या दिवशी स्टिक हातात घेऊन 30 मीटरचे स्प्रिंट, दर 25 सेकंदाला एक सुरू करायचा, असे सहा झाले की चार मिनिटं विश्रांती आणि परत सहा. सुरुवातीला दोनच सेट, जास्त हिरोगिरी नको. आणि पाचवा-सहावा स्प्रिंट पहिल्याच्या जवळपास आला पाहिजे, तो फारच ढेपाळला तर त्या दिवशी थांब, पुढे रेटून काही मिळत नाही. उरलेलं काम टीमच्या प्रॅक्टिसमध्ये, छोट्या ग्राउंडवर चारास चार, तीन मिनिटं खेळ दोन मिनिटं दम. यात पळणं, वाकणं, डोकं चालवणं सगळं एकदम होतं, आणि पोरांना कळतही नाही की आपली रगडपट्टी चाललीय.

अजून एक, स्टिक हातात का म्हणालो? वाकून बॉल घेऊन पळणं हे मोकळ्या हाताने पळण्यापेक्षा बरंच महाग पडतं, कंबर आणि मांडीचा मागचा भाग आधी बोलतो. तुझे जड झालेले पाय म्हणजे निम्मी कंबर पण असू शकते. म्हणून स्क्वॉट, लंजेस, प्लँक, आणि हॅमस्ट्रिंगसाठी तो गुडघ्यावर बसून हळूहळू पुढे झुकायचा नॉर्डिकचा व्यायाम, हे आठवड्यातून दोनदा. आमच्या वेळी जिम म्हणजे बॉडी दाखवायची जागा असं आमच्या सरांचं ठाम मत होतं आणि पोरगं बाउंड्रीवर ओकलं की प्रॅक्टिस चांगली झाली असं समजायचे. माझी कंबर अजून त्याची आठवण काढते.

आमच्या काळी पूर्ण 70 मिनिटं तेच अकरा जण खेळायचे. आजची मुलं पाच-सात मिनिटांत बाहेर येऊन बाटली तोंडाला लावतात. याला स्टॅमिना म्हणायचं? (एक जुने खेळाडू, खडकी)

काका, खडकीहून पत्र आलं की आधी धनराज पिल्लेच डोळ्यांसमोर येतो, चार ऑलिम्पिक खेळलेला माणूस, त्यामुळे तुमच्याशी वाद घालायची माझी हिंमत नाही. पण थोडा घालतो. तुमच्या वेळी 35-35 मिनिटांचे दोन हाफ होते, बरोबर. पण ऑफसाइड होता, म्हणजे बॉलच्या पुढे जाऊन गोलजवळ थांबून राहता यायचं नाही, फ्री हिट मिळाली की पास द्यायलाच लागायचा, म्हणजे मध्ये मध्ये खेळ आपोआप श्वास घ्यायचा. 1992 पासून कितीही वेळा खेळाडू बदलायची मुभा आली, 1998 ला ऑफसाइड गेला, 2009 ला स्वतःलाच पास घेऊन पळायचं सुरू झालं आणि 2014 पासून चार क्वार्टर. प्रत्येक बदलाने खेळ फास्टच झाला. आजचा मुलगा बाहेर येतो तो दमून बसायला नाही, आत असताना फुल स्पीडने खेळता यावं म्हणून.

हिशोबच करून बघा ना. पॅरिस ऑलिम्पिकला संघ 16 जणांचा, आपला गोलकीपर एकटा श्रीजेश, म्हणजे मैदानातल्या 10 जागा 15 जणांनी वाटून घ्यायच्या. 60 गुणिले 10 भागिले 15, सरासरी 40 मिनिटं एकेकाला. आता 4 ऑगस्ट 2024 ची ग्रेट ब्रिटनबरोबरची क्वार्टर फायनल आठवा. 17 व्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड, उरलेली 43 मिनिटं आपण दहा जणांत. 10 च्या 9 जागा झाल्या तरी ग्राउंड तेवढंच, 91 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद, प्रत्येकाला जास्तीचा तुकडा सांभाळायचा. मॅच 1-1 ठेवली आणि शूटआउटला 4-2 ने काढली. त्या दिवशी मी टीव्हीसमोर उभा राहून मॅच बघितली, आणि दमलो मीच. एवढं करून चार दिवसांनी स्पेनला हरवून ब्रॉन्झ पण आणलं. तुमच्या काळच्या मातीवरच्या दमाला नमस्कारच आहे काका, पण या पोरांना नाव ठेवू नका.

मुलगी 14 वर्षांची, तालुक्याच्या टीमला खेळते. चार महिन्यांपासून लवकर दमते, जिना चढून आली तरी धाप लागते. कोच म्हणतात आळशी झालीय. (एक आई, फलटण)

ताई, कोच काय म्हणतात ते दोन आठवडे बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरकडे जाऊन हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही तपासून घ्या. नुसतं हिमोग्लोबिन बघून भागत नाही, कारण साठ्यातलं लोह आधी संपतं आणि रिपोर्ट तोवर नॉर्मल दिसत राहतो. पाळी सुरू झालेल्या आणि रोज ग्राउंडवर घाम गाळणाऱ्या मुलींमध्ये हे फार कॉमन आहे आणि बऱ्याच जणींना आळशी म्हणून टीममधून बाहेर बसवलं जातं, याचा मला खरंच राग येतो. गोळ्या मनाने सुरू करू नका, डॉक्टर सांगतील तेवढ्याच. घरात पालेभाजी, डाळ, कडधान्य, चालत असेल तर मटण-अंडी, वर लिंबू पिळा आणि जेवणाबरोबर चहा बंद, चहाने लोह अंगी लागत नाही. आणि जिना चढून धाप लागते हे पण डॉक्टरांना आवर्जून सांगा, फक्त प्रॅक्टिसबद्दल बोलून येऊ नका. पहाटे उपाशीपोटी पाठवता का? एक केळं, दोन खजूर तरी पोटात जाऊ द्या. तुमच्याच तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके भारताच्या संघातून हाफला खेळली, तेव्हा आशा सोडायचं कारण नाही.

शाळेत 25 पोरं, टर्फ नाही, मातीचं ग्राउंड. स्टॅमिना मोजायचा कसा? जीपीएसचे जॅकेट वगैरे परवडणारे नाहीत. (एक क्रीडाशिक्षक, कोल्हापूर जिल्हा)

सर, यो-यो टेस्ट घ्या, क्रिकेटवाल्यांमुळे नाव तरी सगळ्यांना माहितीय. दोरीने 20 मीटर मोजा, दोन रेषा मारा, मोबाइलवर बीप लावा. बीपवर जायचं, बीपवर परत, मग 10 सेकंद चालत विश्रांती, हळूहळू बीप फास्ट होत जातं, दोनदा रेषेला उशीर झाला की बाहेर. हॉकीसारखंच थांबून थांबून पळायचं असल्यामुळे ही आपल्याला बरोबर लागू पडते. महिना-दीड महिन्याने एकदा, त्याच ग्राउंडवर, त्याच वेळेला, पाऊस पडून चिखल असेल तर नको. आणि वहीत पोराचा नंबर दुसऱ्या पोराशी लावू नका, त्याच्याच मागच्या नंबरशी लावा. हो, आजारातून उठलेलं पोर त्या दिवशी बसू द्या.

मी गोलकीपर आहे, मला पण हे सगळं पळायला लागेल का? आणि उन्हाळ्यात पॅड घालून चक्कर येते. (एक खेळाडू, नागपूर)

एवढं पळायला नाही लागणार, तुझं काम पाच-दहा सेकंदाचं असतं पण ते स्फोटासारखं, त्यामुळे बाजूला झेप, खाली पडून लगेच उठणं, परत झेप, असे छोटे सेट कर. चक्कर मात्र हलक्यात घेऊ नकोस. प्रॅक्टिसच्या आधी आणि नंतर वजन कर, किलोभर उतरलं असेल तर पुढच्या काही तासांत एक ते दीड लिटर थोडं थोडं पी, त्यात मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा ओआरएस असू दे, नुसतं पाणी ढोसू नकोस. आणि मे महिन्यात नागपुरात दुपारी चारला प्रॅक्टिस ठेवणारे जे कोण आहेत त्यांना हे पान दाखव.